आतून गोठणारी काच

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. माझी गोष्ट ऐकायला बसलाच आहात, तर सुरुवातीलाच सांगून ठेवते. जुन्या गाडीवर पटकन विश्वास टाकू नका, आणि ती विकणाऱ्या माणसावर तर मुळीच टाकू नका. मीही कुणावर टाकत नाही. माझं बॉनेट कुणी प्रेमानं थोपटलं, की हा आता काहीतरी झाकणार, अशी शंका मला पहिल्यांदा येते. माझा स्वभाव जन्मापासून असा नव्हता. तो कसा झाला तेच सांगते.

मी जपानमधल्या एका कारखान्यात तयार झाले. अंग पांढरं, दारं पाच, सुकाणू उजवीकडे. माझे पहिले मालक ओकुमुरा नावाचे निवृत्त शिक्षक होते. समुद्रकाठच्या त्यांच्या गावात पावसाला काळवेळ नसे. दर रविवारी गुरुजी माझ्यापुढे उकिडवे बसत आणि वायपरखालची जाळी उचलत. तिथे, काचेच्या पायथ्याशी, एक अरुंद पन्हळ असते. काचेवरचं पाणी त्या पन्हळीत उतरतं आणि तिच्या दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली रस्त्यावर पडतं. गुरुजी जेवणाची बारीक काडी घेऊन ती भोकं साफ करत आणि अडकलेली पानं एकेक करून काढत. तेव्हा मला ते चक्रम वाटायचे. एवढ्याशा भोकासाठी म्हाताऱ्या माणसानं कंबर मोडून घ्यावी का? माझ्या पोटात पाण्याचा थेंब कधी आला नाही, त्याचं श्रेय मी माझ्या चांगल्या बांध्याला देत होते.

पुढे गुरुजींची नजर अधू झाली आणि त्यांनी मला विकलं. मग जहाज आलं, रेल्वे आली, आणि एका कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी मी मंगोलियाच्या एका प्रांताच्या गावात उतरले. तिथे पुरेव नावाच्या माणसानं मला विकत घेतलं. तो भाड्यानं माणसं न्यायचा. प्रांताच्या गावापासून डोंगरापलीकडची वस्ती एकशेवीस किलोमीटरवर होती. मध्ये एक घाट होता. त्या वाटेवर आम्ही आठवड्यातून चार फेऱ्या मारत होतो.

पहिल्याच दिवशी पुरेवच्या आईनं माझ्या नाकावर दूध ओतलं. चांगलं साय धरलेलं याकचं दूध होतं. ते काचेवरून ओघळलं, चाकांवर सांडलं आणि सगळे हसले. तिकडची ती रीतच आहे. नवी गाडी आली की तिला दूध वाहायचं, कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या मागे पळीनं दूध उडवायचं, म्हणजे वाट पांढरीशुभ्र, निर्विघ्न राहते. माझा ऊर भरून आला. जपानमध्ये माझी निगा होती, पण असा लाड कुणी केला नव्हता.

आणि भाड्याच्या गाडीत तर रोज कुणी ना कुणी निघतच असतं. कुणाचा मुलगा लष्करात चालला, कुणाची लेक शिकायला चालली. प्रत्येकाची आई दाराशी पळी घेऊन उभी. मागे उडवायचं दूध मायेच्या भरात पुढेच ओतलं जायचं. पुरेव नको म्हणत नसे. कुणाच्या आशीर्वादाला नको कोण म्हणेल? पाच वर्षं मी ते दूध अंगावर घेतलं. त्यावर धूळ बसत गेली. वसंतात शेळ्यांची लोकर विंचरतात, तेव्हा हवेत उडणारे केसही तिथेच येऊन चिकटले. वायपरखालची जाळी मात्र त्या पाच वर्षांत एकदाही कुणी उचलली नाही.

मित्रांनो, आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

एका श्रावणासारख्या ओल्या उन्हाळ्यात काचेवरचं पाणी पन्हळीत उतरलं आणि तिथेच तुंबलं. वाट मिळेना, म्हणून ते हीटरच्या पंख्यातून आत शिरलं आणि डाव्या बाजूच्या गालिच्याखालच्या स्पंजात जाऊन बसलं. आंबट वास सुटला. पुरेवनं नाक मुरडलं आणि म्हणाला, “परवाच्या त्या बाईनं घोडीच्या ताकाची पिशवी सांडली वाटतं.” खरंच तशी पिशवी सांडली होती. त्यामुळे कुणालाच दुसरा संशय आला नाही. सगळ्या गाड्यांना तो वास येतो, असं म्हणून विषय संपला.

थंडी आली आणि वासही गेला. ओल्या स्पंजाचा दगड झाला होता. पुरेव खूश झाला. माझ्या पोटात बादलीभर बर्फ आहे हे फक्त मला ठाऊक होतं, आणि गाडीला तोंड नसतं.

तिथली माणसं थंडीचे दिवस नऊ-नऊचे तुकडे करून मोजतात. त्यातला तिसरा तुकडा सगळ्यात जीवघेणा असतो. त्याच दिवसांत पुरेवनं डोंगरापलीकडच्या वस्तीतून दोन बायकांना घेतलं. दुलमा ही तिथल्या छोट्या दवाखान्यात परिचारिका होती. तिची लेक सारुल पहिलटकरीण होती आणि तिला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. प्रांताच्या रुग्णालयात पोचायलाच हवं होतं. दुलमाच्या म्हाताऱ्या आईनं, चिमिद आजीनं, दुधाची अख्खी किटली माझ्या नाकावर रिकामी केली. तिचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून तिनं पळीनं भागवलं नाही.

हीटर सुरू झाला. पोटातला बर्फ विरघळू लागला. त्याची वाफ वर चढली आणि गार काचेवर जाऊन गोठली. बाहेरून काच स्वच्छ होती. आतून मात्र पिठाचा हात फिरवावा तशी पांढरी झाली. पुरेव फडक्यानं पुसायचा आणि पाच मिनिटांत ती पुन्हा पांढरी व्हायची. शेवटी वाफ बाहेर जावी म्हणून त्यांनी खिडक्या उघडल्या. बाहेर उणे अडतीस होतं.

दुलमा पुढे डावीकडे बसली होती. तिनं आपल्या पिशवीतून मलमपट्टीची कात्री काढली आणि पुरेवच्या डोळ्यांसमोरचा पट्टा खरवडायला घेतला. घाटाच्या चढावर मी एका खड्ड्यात आदळले. कात्री तिच्या हातून निसटली आणि काचेखालच्या, गरम वारा सोडणाऱ्या फटीत पडली. मग तिनं हातमोजा काढला आणि नखांनी खरवडलं. मागे सारुल ओरडत होती. दुलमा मागे न वळता तिच्याशी बोलत होती, श्वास कसा घ्यायचा ते सांगत होती आणि खरवडत होती. साठ किलोमीटर ती तेच करत राहिली.

आम्ही पोचलो. दुपारी चार वाजता रुग्णालयात मुलगी झाली, आणि दोघी सुखरूप राहिल्या. पण दुलमाच्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती. डॉक्टरांना ती काढावी लागली.

मित्रांनो, त्या दिवसानंतर माझा स्वतःवरही विश्वास उरला नाही. माझ्यामुळे त्या बाईची बोटं गेली, हे मला आजही सलतं. पुरेवलाही माझ्याकडे बघवेना. त्यानं मला विकून टाकलं.

दीड वर्ष मी एका माणसाकडून दुसऱ्याकडे हिंडले आणि अखेर लुव्सानच्या हाती पडले. प्रांताच्या गावाबाहेर त्याचा गाड्यांचा अड्डा होता. त्यानं मला राखाडी रंग फासला. ओल्या गालिच्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक चिकटवलं. आत धूप फिरवला. मग तो जानेवारीची वाट बघत बसला. उन्हाळ्यात माझ्या पोटातला वास त्याचं गिऱ्हाईक पळवायचा. गोठलेल्या पाण्याला ना वास येतो, ना ते हाताला ओलं लागतं. एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं.

जानेवारीत एका सकाळी एक बाई आली. बरोबर तिचा धाकटा भाऊ होता. लुव्सान हात चोळत पुढे झाला.

“या ताई! तुमच्या नशिबानं आजच आली बघा. एका डॉक्टरची गाडी. बिचारा फक्त उन्हाळ्यात बाहेर काढायचा.”

“मग हिवाळी टायर कोणी घातले? डॉक्टरच्या आईनं?” बाई म्हणाली.

भाऊ हसला. बाई हसली नाही. तिनं हातमोजा काढून माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला, आणि मी हादरले. त्या हाताच्या दोन बोटांना टोकं नव्हती.

ती दुलमा होती. तिनं मला ओळखलं नव्हतं. माझा रंग बदलला होता, नंबर बदलला होता, आणि तसल्या गाड्या त्या देशात पायलीला पन्नास मिळतात. पण मी तिला ओळखलं होतं. बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं, की बाई, उलट पावली परत जा.

“बॉनेट कोमट आहे,” ती म्हणाली. “आम्ही यायच्या आत हिला चहा पाजलात वाटतं, भाऊ?”

“नाही हो ताई, ऊन पडलंय ना—”

“उणे बत्तीसच्या उन्हात पत्रा कोमट होतो?” ती एका दगडावर बसली. “बंद करा. गार होऊ दे. मग आमच्यासमोर चालू करा. गार गाडी चालू झाली तरच मी पुढचं बघेन.”

“दुलमाताई,” भाऊ कुरकुरला. त्याचं नाव बाटू. “दोन तास लागतील. इथे पलीकडे एक बाई गरमागरम बूझ विकतेय. मांसाचं सारण, वाफाळलेलं—”

“तू जाऊन खा. पण येताना एकटाच ये. विकणाऱ्याच्या मित्रांना घेऊन येऊ नकोस.”

“माझा कोण मित्र आहे इथे?”

“तुझ्याशी दोन शब्द गोड बोलला की तुझा मित्रच असतो. मागच्या वेळी याच सवयीनं तू आंधळी घोडी घेऊन आला होतास.”

बाटू बूझ न खाताच तिच्याजवळ बसला. मला ती बाई फार आवडली. मी पाहिलेल्या माणसांत माझ्याहून संशयी असलेली ती पहिलीच.

दोन तासांनी मी गार पडले आणि दुसऱ्या झटक्याला चालू झाले. दुलमानं मान डोलावली, पण चेहरा तसाच ठेवला. तिनं माझं कूलंट चमचाभर वाटीत काढून बर्फात ठेवलं. पाणी मिसळलेलं असेल तर त्याचा चिखल होतो. अर्ध्या तासानंही ते पातळच राहिलं. तिनं टायरच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली, अशा पाचही दारांच्या पाच पट्ट्या. सगळीकडे मी पास होत होते. लुव्सानच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढत होता.

“कशाला घेताय एवढी परीक्षा, ताई? लेकीला स्थळ बघताय का?”

“लेकीसाठीच आहे,” दुलमा म्हणाली. “तिला तीन आठवडे उरलेत. परवा घाट ओलांडून तिला इथल्या बाळंतिणींच्या घरात आणून ठेवायचंय. भाड्याच्या गाडीच्या बाबतीत मी कानाला खडा लावलाय. ही गाडी घाटात दगा देणार असेल, तर तो दगा मला आज, इथे, तुमच्या अंगणात बघायचाय.”

ती आत वाकली आणि प्लास्टिकवर हात दाबला. खाली फळीसारखं कडक लागलं.

“हे कडक का?”

“थंडीनं सगळंच कडक होतं, ताई. माझी बायकोसुद्धा.”

बाटू पुन्हा हसला. दुलमा थेट माझ्यात येऊन बसली, उजवीकडे सुकाणूपाशी. बाटूला तिनं डावीकडे बसवलं आणि लुव्सानला मागे. हीटर सोडला, खिडक्या लावल्या आणि मांडीवर हात ठेवून म्हणाली, “आता तासभर बसायचं.”

“तासभर? काय करायचं तासभर?”

“काच बघायची.”

मित्रांनो, तो तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास होता. काच पांढरी झाली तर मी पकडली जाणार होते. पकडल्या गेलेल्या गाडीचे तिथे भाग सुटे करून विकतात. दारं एकाला, चाकं दुसऱ्याला. नाही झाली, तर परवा सारुल माझ्यात बसणार, पुन्हा तोच घाट, आणि मग दुलमाची उरलेली बोटं. मला भंगारात जायची भीती वाटत होती, हे लपवत नाही. पण मी मनात म्हणत राहिले, पकड बाई, पकड मला.

बाटूनं थर्मासमधून खारा दुधाचा चहा ओतला. वीस मिनिटांनी काचेचा खालचा कोपरा धुरकट झाला. लुव्सान तत्परतेनं म्हणाला, “चहाची वाफ हो, ताई!”

दुलमानं बाटूच्या हातातली वाटी खिडकीबाहेर रिकामी केली आणि थर्मासचं झाकण घट्ट लावलं. काच पुसली. दहा मिनिटांत कोपरा पुन्हा पांढरा झाला.

“बोलण्याची वाफ,” लुव्सान म्हणाला. “तुमचे भाऊ फार बोलतात.”

“बाटू, तोंड बंद.”

“मी बोललोच नाही!”

“आता बोललास.”

सगळे गप्प बसले. बाटूनं तर श्वासही जपून घ्यायला सुरुवात केली. तरी पांढरा पट्टा वर चढतच गेला. दुलमा त्याच्याकडे एकटक बघत होती, आणि तिचा उजवा हात नकळत डाव्या काखेत गेला होता. मग गरम झालेल्या प्लास्टिकखालून तो वास आला. आंबट, जुना, दुधाचा.

“कुणाचीतरी दुधाची किटली सांडली असणार,” लुव्सान पुटपुटला. “मी शपथेवर सांगतो, माझ्याकडे आली तेव्हापासून—”

“सांडलेलं दूध एकदा ओलं करतं,” दुलमा म्हणाली. “ही गाडी अजून ओली आहे. म्हणजे हिला रोज कुणीतरी पाजतंय. पाणी कुठून येतं ते मला दाखवा.”

लुव्सानला ते माहीत नव्हतं. त्यानं वास झाकला होता, वाट शोधली नव्हती. तेव्हा दुलमानं त्याच्या खोपटातली गरम पाण्याची किटली मागवली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

“अहो ताई, काच तडकेल!”

“काचेवर ओतत नाही. खाली जाळीत ओततेय.”

पाणी पन्हळीत गेलं आणि चाकाशी थेंबही पडला नाही. दुलमा खाली वाकून वाट बघत होती. एवढ्यात आतून बाटू किंचाळला, “ताई! माझ्या बुटात पाणी!”

तिनं जाळी उचकटली. तिच्याखाली हात घालून भोकातला बोळा ओढून काढला. पिवळट, चिवट, केसाळ असा तो गोळा तिनं तळहातावर ठेवला. बाटूनं तो हुंगला.

“हा तर आरूल आहे!” तो म्हणाला. आरूल म्हणजे तिकडची माणसं खिशात ठेवून चघळतात तो वाळवलेल्या दह्याचा खडा. “ताई, गाडीच्या नाकात आरूल कसा तयार झाला?”

त्याचं बोलणं पुरं होतंय तोच तिघांनाही एकदम कळलं. लुव्साननं टोपी काढली आणि डोकं खाजवलं. “माझी आई मी गाडी विकतो तेव्हा प्रत्येकीवर दूध ओतते,” तो हळू आवाजात म्हणाला. “या अड्ड्यातल्या सगळ्याच गाड्यांवर.”

दुलमा पुन्हा आत बसली. आता तिला सगळंच तपासायचं होतं. तिनं पंखा शेवटच्या खुणेपर्यंत फिरवला. काचेखालच्या फटीत खळखळ आवाज झाला.

“आणि हे काय वाजतंय?”

“एखादा स्क्रू असेल.”

शंकेची पाल चुकचुकल्यावर ती बाई स्क्रूवर थांबणारी नव्हती. तिनं तार वाकवून फटीत घातली, बराच वेळ चाचपडली आणि हळूहळू वर ओढली. तारेला एक छोटी कात्री लटकत होती. तिच्या मुठीला लाल दोरा बांधलेला होता. दवाखान्यातली आपली कात्री कुणी उचलू नये म्हणून तिनंच तो बांधला होता.

दुलमानं कात्री पाहिली. मग डावीकडच्या आसनाकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं आणि आपल्या हाताकडे पाहिलं. बाटूनं दोऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

“ताई... ही तीच गाडी?”

ती खाली उतरली आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली. आता लाथ घालणार, असं मला वाटलं. घातली असती तर मी काही म्हटलं नसतं.

लुव्सानला बाटूनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तो खूप ओशाळला. “ताई, ही नका घेऊ,” तो म्हणाला. माझ्याबद्दल त्याच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. “ती लाल गाडी बघा. तेवढ्याच पैशात देतो. तिच्यावर बोट ठेवायला जागा नाही.”

“त्या लाल गाडीच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हालाही नाही,” दुलमा म्हणाली. “हिचा आजार मला कळलाय. आजार कळला की निम्मं काम झालं. प्लास्टिक काढा. सगळा गालिचा बाहेर काढून तुमच्या शेगडीजवळ वाळवायचा. आजची रात्र आम्ही इथेच राहू. मला तो कोरडा झालेला हातानं बघायचाय.”

“मी वाळवतो, तुम्ही जा—”

“मी इथेच बसेन.”

ती बसली. गालिचा वाळला, स्पंज बदलला, पन्हळ गरम पाण्यानं धुतली आणि तारेनं दोन्ही भोकं मोकळी केली. ओकुमुरा गुरुजींनंतर प्रथमच कुणीतरी माझ्यापुढे उकिडवं बसलं होतं. सकाळी तिनं पुन्हा हीटर लावून तासभर काच पाहिली. मग पैसे दिले.

आम्ही वस्तीत पोचलो. दुसऱ्या दिवशी सारुल तिच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन मागे बसली, आणि चिमिद आजीनं माझ्या नाकाकडे दुधाची किटली उचलली. दुलमानं तिचा हात धरला.

“आई, काचेवर नको.”

“वेडी झालीस? पोटुशी पोर चाललीय, घाट आहे. दुधाशिवाय गाडी निघाली आहे का कधी?”

“मागच्या वेळी सगळी किटली ओतली होतीस.”

“म्हणून तर पोचलात!”

दुलमाच्या ओठांवर शब्द आले होते. मला दिसलं. तिनं ते गिळले. म्हाताऱ्या आईला तिच्याच मायेचा हिशेब दाखवण्याइतकी ती कठोर नव्हती. तिनं फक्त आईला खांद्याला धरून माझ्या मागे नेलं आणि म्हणाली, “इथे उभी राहा. आम्ही निघालो की मागे, बर्फावर उडव. पूर्वीची माणसं असंच करत होती ना? सगळी किटली उडव.”

आजी फुरंगटली, पण तिनं उडवलं. मागच्या आरशात मला ते पांढऱ्यावर पांढरं पडताना दिसलं.

घाटात उणे छत्तीस होतं. दर पाच मिनिटांनी दुलमा हात पुढे करून काचेच्या आतून उरलेली दोन बोटं फिरवत होती. काच कोरडी होती. तरी तिचा विश्वास बसत नव्हता, आणि माझाही बसत नव्हता. मी सगळा वेळ थेंबाचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होते. घाटमाथ्यावरच्या दगडांच्या राशीजवळ तिनं रीतीप्रमाणे तीनदा भोंगा वाजवला, आणि लगेच पुन्हा काच चाचपली. दुपारी एकला आम्ही बाळंतिणींच्या घरापाशी होतो. तीन आठवड्यांनी सारुलला मुलगा झाला, तेव्हा मी बाहेर उभी होते, इंजिनावर लोकरीचा जाड नमदा पांघरून.

मित्रांनो, या गोष्टीला पाच वर्षं झाली. मी आता खरंच म्हातारी झाले आहे. पण दर रविवारी माझ्या वायपरखालची जाळी उचलली जाते. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या घरी जुनी गाडी आली, तर तिची पूजा करा, तिला हार घाला, पण दुसऱ्या दिवशी पाय दुमडून खाली बसा आणि पाणी कुठून जातं ते बघा. कुणी चकचकीत गाडी दाखवली, तर गालिचा उचला. विकणारा रागावला, तर दुसरा कोपराही उचला. तुमच्या संशयानं आम्हाला वाईट वाटत नाही.

सारुलची थोरली आता शाळेत जाते. तिचा जन्म माझ्यातच सुरू झाला, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. हिवाळ्यात शाळेला निघताना ती पुढे बसते आणि दुलमा आजीच्या आधी आपणच काच तपासते. हातमोजा काढते, पहिली दोन बोटं आत दुमडते, आणि उरलेल्या दोन बोटांनी काचेवर एक लांब रेघ ओढते. काच अशीच तपासायची असते, असं तिला वाटतं.